दोन सारख्या पेन्सिली

जालना,
९ नोव्हेंबर

प्रिय मीना,

पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, इथे सगळे ठीक आहेत. माझे गुडघे होते तसेच आहेत, बियाण्यांचं दुकान चालू आहे, सूनबाईची दिवाळीची आवराआवर संपली आहे. कुणाला काही झालेलं नाही. फोन हाताशी असताना ही बाई पानंच्या पानं का लिहीत बसली, असं तुला वाटेल. ते शेवटी सांगते. तू कुठलंही पुस्तक घेतलंस की आधी शेवटचं पान वाचतेस, ती तुझी सवय मला ठाऊक आहे. या वेळी तसं करू नकोस. मी ज्या क्रमाने लिहिलं आहे त्याच क्रमाने वाच.

कल्याणने आणलेली मिरची पोचली, हेसुद्धा मी तुला कळवलं नाही. आली तेव्हा हिरवीगार होती. आता लाल झाली आहे. सूनबाईने ती गच्चीवर जुन्या साडीवर पसरली आहे आणि दोन दिवसांआड विचारते, "मम्मीजी, कुटायला देऊ का?" मी म्हणते, राहू दे. तिला वाटतं, वयाने मला तिखट सोसेनासं झालं. तसं नाही. तुझा मुलगा आपल्या पोरीला वसतिगृहातून परत न्यायला आला होता. तिची वळकटी मोटारसायकलला बांधली, पत्र्याची पेटी पुढे टाकीवर घेतली, आणि मग पिशवी माझ्या दारात ठेवून म्हणाला, "रिकाम्या हातानं कसं यायचं मावशी. आईनं धाडलीय, पिंपळगावची हाय." मला ती पिशवी उचलवली नाही. शेवटी त्यानेच स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. रेणुका फाटकापाशी उभी होती. आत आली, वाकून नमस्कार केला आणि "येते बाई" म्हणाली. मी तिला नवी कंपासपेटी दिली. का दिली, कोण जाणे. काहीतरी द्यायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालीस, "कंचे, माफ कर बाई. तुझ्या वर्गाला आमची पोर लावली अन् तुझीच मान खाली घातली. आमच्या घराण्यात भूमिती न्हाईच, त्याला ती तरी काय करन? तू मनाला लावून घेऊ नको." आणि मी म्हणाले, "असू दे मीना. तिने तिच्या परीने प्रयत्न केला." तुला ते वाक्य आठवतही नसेल. मला ते रोज आठवतं. तू माफी मागितलीस आणि मी ती ठेवून घेतली.

आता हे सगळं कसं घडलं ते सांगते. तुला माझ्या वर्गाची वरवर माहिती आहे, पण त्याची रीत माहीत नाही, आणि ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. निवृत्त झाल्यावर संस्थेने मला बोलावलं आणि नववीचा हा विशेष भूमिती वर्ग माझ्याकडे दिला. सगळ्या तुकड्यांतून वीस मुलं निवडायची, रोज शाळेआधी तास घ्यायचा, शनिवारी जरा जास्त वेळ. गावात याला सरळ 'लुणियाबाईंचा वर्ग' म्हणतात. आमच्या समाजातले व्यापारी आपल्या नातवंडांसाठी माझ्याकडे चकरा मारतात. एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला असलेले बाप रात्रपाळी करून तसेच, मळक्या कपड्यांत, मुलाला गाडीवर घेऊन वर्गाच्या दाराशी सोडतात. पहिल्या दिवशी मी एकच वाक्य बोलते: "या वर्गात बसलेल्याला भूमिती येतेच. येत नसेल, तर तो या वर्गातला नाही." मुलांच्या पाठी लगेच ताठ होतात. मला वाटायचं, मास्तरकी म्हणजे एवढंच. पोरांकडून भरपूर मागा, पोरं तेवढी वाढतात. आणि ती वाढलीही. दर वर्षी दहावीच्या निकालात भूमितीत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांची नावं शाळेच्या दारातल्या फळ्यावर लागतात, आणि ती बहुतेक माझ्याच वर्गातली असतात.

दर शनिवारी मी फळ्यावर एक अवघड प्रश्न देते. जो सगळ्यांत नेटकी सिद्धता लिहील त्याचं नाव फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रंगीत खडूने लिहायचं, आणि ते आठवडाभर कुणी पुसायचं नाही, झाडणाऱ्या सगुणाबाईनेसुद्धा नाही. त्या कोपऱ्यासाठी मुलं जीव टाकतात. या शनिवारांचे आणि सहामाहीचे गुण धरून दिवाळीआधी यादी होते, आणि तळाचा एक जण आपल्या मूळ तुकडीत परत जातो. बाहेरगावच्या मुलींना मात्र नुसती तुकडी बदलावी लागत नाही. संस्थेच्या वसतिगृहात जागा मोजक्या आहेत, आणि त्या विशेष वर्गातल्या मुलींसाठीच आहेत. वर्ग गेला की खोली गेली. हा नियम संस्थेचा आहे, असं मी कल्याणला सांगितलं. सुचवला मीच होता. म्हटलं, त्याने मुली जास्त जोर लावतील.

जूनमध्ये तुम्ही रेणुकाला घेऊन आलात तो दिवस तुझ्या लक्षात असेल. तिने मला "कंचनआजी" अशी हाक मारली आणि मी तिथल्या तिथे म्हणाले, "शाळेत बाई म्हणायचं." तू हसलीस. म्हणालीस, "अजून तश्शीच हाय ही." पुढे काय व्हायचंय, असं मी तिला विचारलं. सगळी मुलं डॉक्टर आणि इंजिनिअर सांगतात. ही म्हणाली, "मोजणी खात्यात जायचंय. आमच्या शिवारात बांधावरनं लई भांडणं होतेत बाई. पण मोजणीवाला आला की सगळे गप उभे राहतेत. मला तसं जायचंय." तिने भूमिती कशाला हवी ते मला चार वाक्यांत सांगितलं होतं. माझ्या नातीला, याच वर्गातल्या आमच्या नेहलला, ते अजून सांगता येणार नाही.

पण वर्गात ती संथ होती. इतरांचं निम्मं झालेलं असायचं आणि हिचं बोट अजून पहिल्या ओळीवर. सिद्धतेच्या आधी 'पक्ष' लिहायचा असतो, म्हणजे आपल्याला काय काय दिलेलं आहे ते. मुलं तो घाईघाईने उतरवतात आणि पुढे पळतात. ही पुटपुटत दोनदा वाचायची. मी ओरडले तर म्हणायची, "दिलंय काय ते तर बघू द्या ना बाई." मी घरी नेहलला म्हणाले, गावाकडची सवय आहे, जाईल हळूहळू. खरं सांगू का मीना, सवय जाईल असंही मला वाटत नव्हतं. मी तिच्याकडून फार धरलंच नव्हतं. वर्गात घेतलं ते तुझ्यासाठी, आणि घेतल्या दिवसापासून मनाशी ठरवून टाकलं की ही दिवाळीपर्यंतची आहे. इतर एकोणीस जणांकडून मी मागत होते. हिची मी वाट बघत होते, ती कधी गळते याची.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मी प्रश्न दिला. चौकोनाचे दोन्ही कर्ण समान आहेत, तर तो आयत आहे असं सिद्ध करा. एकोणीस माना खाली गेल्या. रेणुका उभी राहिली. तिच्या हातात दोन पेन्सिली होत्या, दोन्ही नव्या, सारख्या लांबीच्या. म्हणाली, "बाई, हे होत न्हाई." मी वर न बघता म्हणाले, "होत नाही, की तुला होत नाही?" वर्ग हसला. अक्षत नावाचा एक मुलगा तर बाकावर हात आपटून हसला. ती तशीच उभी. "न्हाई बाई, ह्या दोन पेन्सिली जर अशा..." मी म्हणाले, "पेन्सिली खाली ठेव आणि बस. वेळ जातोय." ती बसली. तास संपल्यावर कागद गोळा केले. एकोणीस जणांनी प्रश्न सोडवला होता. हिच्या कागदावर एक आकृती होती आणि खाली लिहिलं होतं, 'पक्षात एवढंच दिलं आहे. एवढ्यावरून होत नाही.' मी त्यावर लाल रेघ मारली आणि शून्य दिलं. कोपऱ्यात नाव नेहलचं लागलं.

त्या आठवड्यात यादी झाली. रेणुका तळाला होती, आणि तिच्या वरचा मुलगा तिच्यापुढे जेमतेम होता. मी सही केली. आमचे मुख्याध्यापक साहेबराव सर माझेच जुने विद्यार्थी. ते सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "मैत्रिणीची नात असून बाईंनी हात आखडता घेतला नाही. अशी माणसं राहिली नाहीत आता." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहा घेतला. मला बरं वाटलं होतं, मीना. नियम म्हणजे नियम, त्यात मैत्री आणायची नाही, असं स्वतःला सांगत मी त्या दिवशी ताठ मानेने घरी आले.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, मग काय झालं? पोरीला जमलं नाही, तू नियमाने वागलीस. म्हणूनच तुला क्रमाने वाचायला सांगितलं. वर मी एक पायरी गाळली आहे. शनिवारचा प्रश्न आणि ती यादी यांच्या मध्ये एक सोमवार होता.

सोमवारी सकाळी मी त्या प्रश्नाची सिद्धता फळ्यावर लिहायला घेतली. प्रश्न शनिवारपासून वर तसाच होता. दोन ओळी लिहून झाल्या. तिसरी लिहिली, 'समोरासमोरच्या बाजू समान', आणि पुढे कारण लिहायला हात उचलला, तो तिथेच राहिला. समोरासमोरच्या बाजू समान कशावरून? चौकोन समांतरभुज आहे म्हणून. आणि तो समांतरभुज आहे असं दिलंय कुठे? कुठेच नाही. शनिवारी मी ते लिहायचं विसरले होते. मी नुसता चौकोन दिला होता. नुसत्या चौकोनाचे कर्ण समान असले म्हणून तो आयत होत नाही. ते सिद्ध करताच येत नाही, कारण ते खरंच नाही. ही गोष्ट मी स्वतः पोरांना वर्षानुवर्षं बजावत आले आहे.

मग मी काय केलं असेल? वळून सांगायला हवं होतं की माझी चूक झाली, रेणुका बरोबर होती. मी खडू घेऊन फळ्यावर वर, प्रश्नापाशी गेले. 'चौकोन' या शब्दाच्या आधी थोडी जागा होती. तिथे बारीक अक्षरात 'समांतरभुज' लिहिलं, ते शनिवारपासून तिथेच असल्यासारखं. मग खाली येऊन पुढची ओळ लिहिली. मागे कुणी खोकलंसुद्धा नाही. सिद्धता पुरी करून मी वळले. मुलं उतरवून घेत होती. शेवटच्या बाकावरून रेणुका फळ्याकडे बघत होती. तिने त्या बारीक शब्दाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली, आता ही उठेल. उठली असती तर मला बोलावंच लागलं असतं, आणि बहुतेक मी बोललेही असते. ती उठली नाही. तिने मान खाली घातली आणि तो शब्द आपल्या वहीत लिहून घेतला. शनिवारी मी तिला जे शिकवलं होतं, ते ती दोन दिवसांत शिकली होती.

म्हणजे यादीवर सही करताना मला सगळं माहीत होतं. तो एक प्रश्न धरला नसता तर रेणुका तळाला राहिली नसती, हेही माहीत होतं. पण मग एकोणीस जणांच्या कागदांवरच्या खुणा खोडाव्या लागल्या असत्या. एकोणीस जणांनी खोटी गोष्ट सिद्ध करून दाखवली होती आणि मी प्रत्येकाला बरोबरची खूण दिली होती. कारण नेहल, अक्षत यांचे कागद मी वाचत नाही, नुसते तपासते. पहिली ओळ बघायची, शेवटची बघायची आणि खूण करायची. त्यांना येतंच, हे मी आधीच ठरवलेलं असतं. मधल्या ओळींत त्यांनी काय केलं ते मी नंतर पाहिलं. न दिलेली गोष्ट सगळ्यांनी दिली आहे असं धरलं होतं, अगदी माझ्यासारखंच. फक्त एकीचा कागद मी नीट वाचला होता, चूक सापडावी म्हणून. आणि तिथेही बरोबर उत्तर मला दिसलं नाही.

मी स्वतःला सांगत राहिले की पोरं लहान आहेत, त्यांच्या लक्षात आलं नसेल. दिवाळीत तेवढा आधारही गेला. धनत्रयोदशीला संध्याकाळी अंगणात नेहल फुलबाज्या उडवत होती. विझलेल्या तारा ती एकीकडे ठेवत होती. एकदम म्हणाली, "दादी, रेणुका आता येणारच नाही का?" मी म्हणाले, नाही. ती खाली बसली, दोन विझलेल्या तारा उचलल्या आणि फरशीवर एकीवर एक आडव्या ठेवल्या, मध्यावर नाही, एका टोकाकडे सरकवून. मग खडूने चारी टोकं जोडली. एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला पसरट असा वाकडातिकडा चौकोन झाला. "बघा," ती म्हणाली, "दोन्ही तारा सारख्या, म्हणजे कर्ण समान. पण आयत नाही ना? रेणुकाने डब्याच्या सुट्टीत आम्हाला पेन्सिलींनी असंच करून दाखवलं होतं."

मी विचारलं, "कधी?" म्हणाली, "त्याच शनिवारी. म्हणजे आमच्यातल्या काहींना तर लिहितानाच वाटलं होतं, काहीतरी कमी दिलंय." मी म्हणाले, "मग तुम्ही तसं लिहिलं का नाही?" तिला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "दादी, तुमच्या वर्गात तुम्हीच दिलेला प्रश्न होत नाही असं कोण लिहील? तुम्हाला काय पाहिजे असतं ते आम्हाला बराबर कळतं. म्हणून तर आपल्या वर्गाचा निकाल असा लागतो." ती तक्रार करत नव्हती गं. कौतुकाने बोलत होती. मी पणत्या लावायच्या आहेत म्हणून आत गेले आणि देवघरासमोर नुसतीच बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी पोरांना भूमिती शिकवते आहे. माझ्या तोंडाकडे बघून उत्तर कसं काढायचं, यात मी त्यांना तरबेज केलं होतं. आणि जिला ते जमलं नाही, तिला मी घरी पाठवलं होतं.

आता तुझ्या खडूची गोष्ट. तुला वाटतं, ती मी विसरले. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आपले गणिताचे सर, ज्यांच्यासमोर मुलं श्वाससुद्धा जपून घ्यायची, फळ्यावर एक लांबलचक उदाहरण सोडवत होते. तू उभी राहिलीस आणि तुझ्या त्या खणखणीत आवाजात म्हणालीस, "सर, तिथं वजा पाहिजे." मी खालून तुझा पदर ओढत होते, बस खाली, बस. सरांनी फळ्याकडे पाहिलं, बोटाने चिन्ह पुसलं आणि खडू तुझ्यापुढे धरला. "ये, पुढचं तूच कर. बरं झालं, वर्गात कुणीतरी जागं आहे." तो खडूचा तुकडा तू पेटीत जपून ठेवला होतास, लग्नात पेटी सासरी नेलीस तेव्हाही तो आत होता, आणि तरी फोनवर म्हणतेस, आमच्या घराण्यात भूमिती न्हाई. ही गोष्ट मी दर वर्षी पहिल्या दिवशी वर्गात सांगते. गुरू कसा असावा ते सांगायला. यंदा जूनमध्येही सांगितली, आणि वर म्हणाले, "ती मुलगी म्हणजे या रेणुकाची आजी." सगळा वर्ग मागे वळून तिच्याकडे बघायला लागला. ती लाजली, पण तिची मान ताठ झाली.

कळलं का मीना? त्या शनिवारी ती उठली ती कशाच्या भरवशावर? मी सांगितलेल्या गोष्टीच्या. तिला वाटलं, बाई खडू पुढे करतील.

दिवाळीनंतर शाळा उघडली. परवाच्या शनिवारी मी फळ्यावर तोच प्रश्न पुन्हा लिहिला, पहिल्यांदा लिहिला होता तसाच, अपुरा. टेबलावर दोन नव्या पेन्सिली ठेवल्या. म्हणाले, हा प्रश्न मी चुकीचा दिला होता. सोमवारी मला ते कळलं आणि मी ते लपवलं. तुम्ही सगळ्यांनी लपवताना पाहिलंत. एक मूलही हललं नाही. त्यांना वाटलं, हीसुद्धा कसली तरी परीक्षा आहे. एवढी त्यांची सवय मी घडवली आहे. शेवटी नेहल उठली आणि तिने पेन्सिली एकीवर एक आडव्या ठेवून दाखवल्या. मी एकोणीस जणांचे गुण परत घेतले. अक्षत रडवेला झाला, आणि त्याचे वडील संध्याकाळी घरी येऊन बरंच काही बोलून गेले. मग मी रंगीत खडू घेतला आणि कोपऱ्यात नाव लिहिलं, रेणुका कल्याण. साहेबराव सर दारातून बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, आता कशाला उकरता? मुलगी तर वर्गात नाही." मी म्हणाले, म्हणूनच. ते म्हणाले, यादी आता बदलता येत नाही, वसतिगृहातली ती जागा दुसऱ्या मुलीला दिली. ती मुलगी तीर्थपुरीची आहे. मी तिला पाहिलं आहे. तिचा यात काही दोष नाही, आणि एकीवरचा अन्याय निस्तरायला दुसरीची वळकटी मी बांधणार नाही.

आता पत्र का लिहिलं ते. फोनवर हे सगळं तुला सांगितलं असतं, तर तू "जाऊ दे कंचे" म्हणाली असतीस, आणि ते तुझ्यामाझ्यात राहिलं असतं. पण पोरीला जमलं नाही, हे तुमच्या घरातल्या सगळ्यांनी ऐकलं आहे. पेटी उतरवताना शेजारपाजाऱ्यांनी पाहिलं आहे. वळकटी बांधताना कल्याण मला म्हणाला होता, "न्हाई जमत तर बळंच कशाला मावशी, दहावी झाली की बस." तेव्हाही मी गप्प राहिले. आणि रेणुकाने तुम्हाला यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. माझं नाव खराब होऊ नये म्हणून नसावं. आपलं कुणी खरं धरणार नाही, असं तिला वाटलं असणार. म्हणून हे कागदावर लिहिलं आहे, खाली सही करून. तू हे मनात वाचू नकोस. ओसरीत कल्याणला बसव, तुझ्या सूनबाईला बोलाव, शेजारचं कुणी असलं तर त्यांनाही बसू दे, आणि रेणुकासमोर मोठ्याने वाच, पहिल्या ओळीपासून, मिरचीसकट. त्यानंतर तिला सांग की नेहलच्या खोलीत दुसरी खाट टाकली आहे. आमच्याकडे कांदा-लसूण नसतो, त्याला तिची तयारी असेल, तर दहावी होईपर्यंत तिने इथे राहावं आणि सकाळी माझ्याबरोबर वर्गात यावं. पटावर नाव असो वा नसो, वर्गात कुणाला बसवायचं ते मी बघेन. तिची समजूत घालू नकोस. तिला विचार, आणि ती काय म्हणते ते शब्द न बदलता मला कळव. ती "येते" म्हणाली तर मी स्वतः पिंपळगावला न्यायला येईन. आणि "होत न्हाई" म्हणाली, तरी येईन. तुझ्या ओसरीत तिच्यासमोर बसेन आणि का होत नाही ते तिच्याकडून नीट ऐकून घेईन. या वेळी पेन्सिली खाली ठेव म्हणणार नाही.

तुझीच, माफी परत करणारी,
कंचन